एकशे बारा किलोचं चाक

शाहूपुरीत तात्या मगदूमांचं सायकलीचं दुकान होतं. नवीन चाक बांधायला कुणी आलं की तात्या आधी त्याला शेजारच्या अडतीतल्या गुळाच्या काट्यावर चढवायचे. गिऱ्हाईक डॉक्टर असो नाहीतर फौजदार. बाजूला ढेपा, मध्ये गिऱ्हाईक, आणि चष्मा कपाळावर ढकलून आकडा बघणारे तात्या.

मला रोड बाइकचा नाद नवीनच लागला होता. आजऱ्याला दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा मागच्या चाकाच्या तारा तुटून टेंपोतनं परत आलो. तिसऱ्यांदा टेंपोत बसलो तर सायकल विकणार, असं सायकलवाल्या ग्रुपसमोर बोलून बसलो होतो. एका मित्रानं टेंपोवाल्याचा नंबर माझ्याच नावानं सेव्ह केला होता.

तात्यांनी विचारलं, "वजन?"

"शहाण्णव."

"चढ."

काट्यानं एकशे बारा दाखवलं.

"सोळा किलो कुठं ठिवून आलास रं? माझ्याकडं काय स्थळ बघाय आलायस व्हय?"

मग त्यांनी माझं जुनं चाक दोन बोटांत उचललं. वीसच तारा, चपट्या, चकचकीत. "ह्ये साठ किलोच्या पोराचं चाक हाय. तुला छत्तीस तारा पायजेत. रिम दुहेरी भिंतीची, टायर रुंद. हलकं चाक घिऊन तू काय उडणार हायस?"

तात्यांची तार तपासायची पद्धत म्हणजे बघण्यासारखी. बोटानं छेडायची, मान तिरकी करायची आणि म्हणायचं, "हां, बोलली." चाकाच्या एका अंगाच्या तारा एका सुरात बोलल्या म्हणजे ताण सारखा. एक ढिली राहिली की भार शेजारणींवर जातो आणि त्यातली एक तुटते. ही नक्कल मी ग्रुपमध्ये करायचो आणि चहा फुकट प्यायचो.

आजऱ्याच्या तिसऱ्या राइडच्या आदल्या दिवशी चाक न्यायला गेलो आणि तात्यांच्या तोंडावरच नक्कल केली. मान तिरकी, हात तारांवर. "टिंग, टिंग, टिंग, ठुंग." अडतीतले हमाल हसले. तात्या हसले नाहीत.

"ठुंग कुठली?"

मी तार दाखवली. ती खरंच तशी वाजत होती. तात्यांनी ती छेडली, कान जवळ नेला, परत छेडली. मग बाकड्यावर बसले.

"बारीक सूर कानात शिरंना झालाय. वरीस झालं. कुणाला बोललो न्हाय."

मी म्हटलं, "मी सोळा किलो लपवले, तुम्ही कान लपवलात."

"कान काट्यावर चढत न्हाईत, म्हणून वाचलो," तात्या म्हणाले आणि उठले. "चल, लाग कामाला."

दुपारभर मी एकेक तार छेडायचो आणि तिचा सूर तोंडानं मोठ्यानं काढून दाखवायचो. तात्या त्यावरून चावी फिरवून ताण जुळवायचे. माझी नक्कल पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामाला आली.

दुसऱ्या दिवशी आजऱ्यातनं फोन केला. "तात्या, पोचलो."

"टेंपोनं?"

"सायकलनं."

तात्या म्हणाले, "चाक गोल फिरतंय का बघ."

"फिरतंय."

"तारा?"

तात्या आता दुकान बंद करून हातकणंगल्याला लेकीकडं असतात, पण लांबची राइड झाली की अजून हाच फोन होतो आणि हाच प्रश्न येतो. त्या दिवशी मी आजऱ्याच्या चौकात सायकल उलटी केली, चहावाला बघत असताना एकेक तार छेडली आणि फोनमध्ये तोंडानं वाजवत गेलो. टिंग. टिंग. टिंग. छत्तीसच्या छत्तीस.

"हां," तात्या म्हणाले, "बोलली."