पगार खात्यात जमा

नारायणगावच्या बाहेर, जुन्नरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पॅकहाऊस होतं. हंगामात तिथून परदेशी जाणारी द्राक्षं भरली जायची, एरवी भेंडी, मिरची, डाळिंब. मी बी.कॉम. झाले, मंचरला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नव्वदचं दशक संपता संपता तिथं अकाउंट्सला लागले. मालक तिथलेच, दोघं भाऊ. ऑफिसात मी आणि एक वयस्कर अकाउंटंट, बस.

आतल्या हॉलमध्ये लांबलचक टेबलांवर बायका द्राक्षांची प्रतवारी करायच्या. डोक्याला जाळी, अंगात पांढरा एप्रन, हातात बारकी कात्री. खराब मणी नेमका कापायचा आणि घडाला धक्का लागू द्यायचा नाही. आजूबाजूच्या गावांतून पॅकहाऊसच्या टेम्पोतून त्या यायच्या. डिंगोऱ्याकडच्या बायकांत एक उंच, शेलाटी बाई होती. सगळ्या तिला आक्का म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायचे. टेबलाची मुकादम तीच. माझा डबा बरेचदा तिच्याबरोबर व्हायचा.

पगार दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी व्हायचा. दुपारनंतर बायका माझ्या खिडकीसमोर रांग लावायच्या. सही किंवा अंगठा करायचा, पैसे घ्यायचे, जरा बाजूला जाऊन पाठ करून उभं राहायचं. तिथंच त्यांची वाटणी व्हायची. घरात द्यायचे हातरुमालात, बाकीचे कनवटीला. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मग सगळ्याजणी मिळून बाजारात.

आक्काचा बाजार वेगळाच असायचा. ती आधी औषधाच्या दुकानात जायची. तिचं माहेर आंबेगावच्या डोंगरात, धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत. तिथं तिची आई एकटी राहायची. आईला बीपी होतं. गोळ्या, चहापावडर, गूळ आणि मिसरीची पुडी असं एका पिशवीत बांधून आक्का ती घोडेगावच्या एसटीत कंडक्टरजवळ द्यायची. घोडेगावात एक ओळखीचा दुकानदार पिशवी उतरवून घ्यायचा आणि वर जाणाऱ्या जीपमध्ये टाकायचा. दर आठवड्याला. पॅकहाऊसमध्ये लागायच्या आधी रानातल्या मजुरीतून, आता या पगारातून.

हे तिच्या घरी माहीत नव्हतं. मला वाटायचं नवरा तापट असेल.

"तसं काय न्हाई," ती म्हणाली. "चांगला हाय. पण सांगितलं की मंग सांगत बसावं लागतंय. आज किती धाडले, मागल्या टायमाला किती धाडले. माझ्या आयचा हिशोब दुसऱ्यानं कशाला ठेवायचा?"

पुढं काही वर्षांनी मालकांनी सगळा कारभार मुंबईच्या एका कंपनीला विकला. इस्त्रीचे शर्ट घातलेली माणसं आली. त्यांनी प्रोजेक्टरने भिंतीवर चित्रं टाकून आम्हाला समजावलं की आता सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये येणार, हजेरी कार्डावर लागणार आणि पगार आठवड्याऐवजी महिन्याला थेट बँकेत जमा होणार. वयस्कर अकाउंटंट म्हणाले, "आता माझं इथं काय काम," आणि खरंच महिनाभरात घरी बसले.

मला मात्र ते सगळं पटलं होतं. जुने मालक माणसं वाईट नव्हती, पण बायकांचा पीएफ कधी भरायचे, कधी राहून जायचा. ओव्हरटाइम तोंडी असायचा. आता पगाराची स्लिप मिळणार होती आणि तिच्यात पै न पै दिसणार होती. कुणाला तरी हे आधीच सुचायला हवं होतं, असं मी घरी म्हणालेही.

बँकेची माणसं खाती उघडायला आली त्या दिवशी बायका केसांना तेल लावून, ठेवणीतलं लुगडं नाहीतर साडी नेसून आल्या. फोटोसाठी पांढरी चादर टांगली होती. आक्काने शाळेत गिरवल्यासारखी सही केली आणि मला दाखवली. फॉर्ममध्ये मोबाइल नंबरची जागा होती. तिच्याजवळ मोबाइल कुठला? तिने नवऱ्याचा दिला. सगळ्यांनीच नवऱ्याचा नाहीतर मुलाचा दिला. एटीएमची कार्डं पोस्टाने घरी गेली आणि घरी जो होता त्याने पाकीट फोडलं.

पहिल्या महिन्यात सवयीने बायका बाजाराच्या दिवशी माझ्या खिडकीशी आल्या. मी सांगितलं की आता एक तारखेला. एक तारखेला परत आल्या.

"जमा झालाय पगार," मी म्हणाले.

"कुठं?" आक्काने विचारलं.

"तुमच्या खात्यात."

"मंग मला कसा दिसंल?"

मी तिला स्लिप दिली. तिने ती उलटीसुलटी केली, घडी घातली आणि कनवटीला लावली. मागच्या बायका हसल्या. तीही हसली.

त्या संध्याकाळी मी नारायणगावात भाजी घ्यायला उतरले. एटीएमसमोर मोटारसायकलींची ओळ लागली होती. पगार आमच्या बायकांचा, आणि रांगेत बाई एकही नव्हती. आक्काच्या नवऱ्याने मला ओळखलं. कपाळाला गंध, पांढरी टोपी, हसरा माणूस.

"ताई, लई बरं केलं कंपनीनं," तो म्हणाला. "ही एवढं कमावती हे मला म्हाईतच नव्हतं बगा! मोबाइलवर आकडा आला आन् मी चाटच पडलो."

तो मनापासून कौतुक करत होता. त्या पैशांतून त्याने पुढं शेताला ठिबक बसवलं. दारू नाही, जुगार नाही. सांगायला गेलं तर त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती.

आक्काने कार्ड मागून पाहिलं. तो म्हणाला, "त्या गर्दीत तू कशाला जातीस? किती पायजेल ते सांग, मी आणून देतो." एकदा तिने सांगितलं. त्याने लगेच आणून दिले आणि सहज विचारलं, "काय आणायचंय?" तिने साबण म्हणून सांगितलं. मग साबण आणावाच लागला.

तिने हे मला डबा खाताना सांगितलं तेव्हा भाकरीचा तुकडा तिच्या हातात तसाच होता. "आयला दोन पिशव्या गेल्या न्हाईत," ती म्हणाली.

मी माझ्या पर्समधून पैसे काढले. तिने माझा हात मागं सारला. "तुमचं कशाला? माझं असताना?"

मग मी दुसरा मार्ग काढला. आमचा स्थानिक मॅनेजर भला होता. त्याच्याकडून मी बायकांना बाजाराच्या दिवशी थोडी उचल रोख द्यायची परवानगी घेतली. पगारातून ती कापून घ्यायची. काही महिने ते चाललं. रांग परत लागायला लागली, लहान, पण लागायला लागली. आक्काची पिशवी पुन्हा एसटीत चढली.

ते ऑडिटमध्ये सापडलं. सापडलं म्हणजे काय, मीच सगळं नीट नोंदवलेलं होतं. पुण्याच्या ऑफिसातून मेल आला की कंपनीच्या कुठल्याही युनिटला मजुरीचे रोख व्यवहार चालणार नाहीत. मी तिथल्या एचआरमधल्या मुलाला फोन करून आक्काचा विषय काढला. बोलायला अतिशय गोड मुलगा.

"मॅडम, अकाउंट तिच्याच नावावर आहे ना?"

"आहे."

"कार्ड तिच्याच नावाचं?"

"हो."

"मग प्रॉब्लेम नेमका काय आहे?"

मी सांगायचा प्रयत्न केला. डोंगरातली आई, कंडक्टर, पिशवी. सांगता सांगता माझं मलाच ते कंपनीच्या फोनवर बोलण्यासारखं वाटेना. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पण हा त्यांचा फॅमिली मॅटर झाला, मॅडम." उचल बंद झाली.

त्या पावसाळ्यात वाडीवरून ऑफिसात फोन आला. आक्काच्या आईची एक बाजू गेली होती. नंतर कळलं की म्हातारी गोळ्या पुरवून पुरवून खात होती. एक दिवस अर्धी, एक दिवस काहीच नाही. पोरीची पिशवी कधी येईल त्याचा भरवसा राहिला नव्हता, आणि निरोप धाडून मागणं तिला जमलं नसणार.

आक्काच्या नवऱ्याने त्या पावसात जीप केली. वाडीपासून रस्त्यापर्यंत म्हातारीला घोंगडीच्या झोळीत घालून आणलं, एक टोक त्याच्याच खांद्यावर होतं. आधी घोडेगावला दवाखाना, मग डिंगोऱ्याला घरी. मी भेटायला गेले तेव्हा म्हातारी पडवीत बाजेवर होती. तोंड वाकडं झालेलं, डोळे मात्र लख्ख. ती सारखी पश्चिमेकडं, आपल्या डोंगराच्या दिशेला बघायची. तिला दिसायचं ते शेजारच्याचं कांद्याचं शेत.

नवरा चहा घेऊन आला. माझ्याजवळ टेकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुमाला म्हाईत व्हतं ना? मला सांगितलं असतं तर मी नाय म्हणलो असतो का? गोळ्या त्या कितीच्या!"

आक्का आईचे पाय चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "नाय नसता म्हणला. पर इचारावं लागलं असतं."

"मंग इचारायचं!"

"बावीस वर्सं न इचारता धाडत व्हते मी."

त्याला काही समजलं नाही. तो रागावलाही नाही. कपबश्या उचलून आत गेला आणि आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत राहिला.

भातकाढणीच्या सुमारास म्हातारी गेली. आक्का त्याआधीपासूनच रजेवर होती. दिवसकार्य झालं, द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला, तरी ती कामावर आली नाही. सॉफ्टवेअरमध्ये तिच्या नावापुढं लाल खूण दिसायला लागली. काम सोडण्याचं कारण भरल्याशिवाय ती खूण जात नसे. कारणं तयार होती: लग्न, आजारपण, स्थलांतर, दुसरी नोकरी, इतर. पुण्याहून दोनदा आठवण आली. मी काही भरलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी डिंगोऱ्याची एसटी धरली.

ती घरी नव्हती. ओतूरच्या रस्त्याला एका शेतात कांद्याच्या लागणीला गेली होती. गुडघे वाकवून, चिखलात ओळीनं रोपं टोचत होती. मला पाहून बांधावर आली. हात धुतले नाहीत, तसेच पुढं धरून बसली.

"आक्का, मुकादमाची जागा अजून तुमच्यासाठी ठेवलीय," मी म्हणाले. "इथल्यापेक्षा पगार जास्त आहे. सावलीतलं काम. पीएफ आहे."

"हाय ना. चांगलंच हाय."

"मग?"

"इथं सांजच्याला हातावर पैसं टेकवत्यात."

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "आता तर आईही राहिली नाही. आता कशाला हवेत वेगळे पैसे?"

तिने माझ्याकडं बघितलं. चिडली नाही. "काय न्हाई, ताई. कशाला म्हंजी कशालाच न्हाई. असावं माणसाजवळ."

शेतमालकाने हाक मारली तशी ती उठली. जाताना म्हणाली, "तुमी कशाला वाईट वाटून घेता? तुमी काय केलंय?" आणि परत वाकली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन 'इतर' निवडलं. लाल खूण गेली. त्या हंगामात आणखी बऱ्याचजणींपुढं मी तेच निवडलं. सगळ्यांची कारणं आक्कासारखी नव्हती, काहींची मला ठाऊकही नव्हती. पॅकहाऊसला मग ठेकेदारामार्फत बाहेरच्या जिल्ह्यातून बायका आणल्या गेल्या. त्यांचा पगार ठेकेदाराला जायचा, त्यामुळे आमच्याकडं त्यांची नावंच नसत, फक्त डोकी.

नंतर अकाउंट्स विभागच पुण्याला हलवला. मी काही महिने नारायणगाव ते पुणे एसटीने ये-जा केली. तिथं काचेच्या खोलीत कितीतरी युनिटांची बिलं यायची. कुठलं बिल कुठल्या गावचं ते वर कोपऱ्यात लिहिलेल्या क्रमांकावरून ओळखायचं. पाठ दुखायला लागली तेव्हा मी नोकरी सोडली आणि गावातल्या एका शाळेच्या कार्यालयात लागले.

आक्काचा नवरा मला एकदा ओझरच्या गणपतीला भेटला. चतुर्थीची गर्दी होती, तो नारळाची पिशवी घेऊन रांगेबाहेर उभा होता. एकटाच. मी आक्काची चौकशी केली.

"ती वाडीवर असती आता," तो म्हणाला. "आयच्या घरात. भात लावती, नाचणी करती. भांडण-बिंडण काय न्हाई आमचं. येते येते म्हणती, पण येत न्हाई."

"पैशाचं कसं करते?"

"मी जातो ना महिन्याला. देतो. घेती बी. आन् फळीवर ठिवती. मागल्या टायमाला गेलो तर मागलंच तिथं पडलेलं." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. टोपीखालचे केस आता पांढरे झाले होते. "मी काय चुकलो, ते तुमी तरी सांगा, ताई. तुमी हिशोबातली माणसं."

रांग पुढं सरकली आणि तो तिच्यात शिरला.