कावळ्याच्या चार चौकटी

खिडकीत कावळा ओरडला की गावी एकटी राहणारी माझी आई म्हणते, "आज कुणीतरी येणार," आणि मूठभर तांदूळ जास्त घेते. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. मागच्या खेपेला कुतूहल म्हणून तिच्या फ्रिजवर चार चौकटींचा तक्ता चिकटवून आलो: कावळा ओरडला की नाही, पाहुणे आले की नाही. खरा ठरलेला शकुन सगळ्यांनाच आठवतो. फुकट गेलेल्या हाका मोजतो कोण?

आईने मोजल्या. आज बघतो तर 'ओरडला, कुणी आलं नाही' ही चौकट रेघांनी गच्च भरलेली. 'ओरडला, आले' ही कोरी.

"आई, काही संबंध नाही गं," मी म्हणालो.

"थांब, आजची राहिली." तिने कोऱ्या चौकटीत रेघ ओढली. "सकाळीच ओरडला होता. आणि तू आलास."