खळ न घातलेला शर्ट

मधू गेला त्याच्या आदल्याच दिवशी नाशिक रोडच्या भाजीबाजारात त्यानं मला चारचौघांत झापलं होतं. कारण माझी पँट. "सदा, बेंबीच्या खाली चार बोटं? इतकी वर्षं शिकवलं ते पाण्यात गेलं म्हणायचं!" असं म्हणत त्यानं हातातली मेथीची जुडी माझ्या पोटाला टेकवून कंबर कुठं असते ते दाखवलं. भाजीवाली हसली, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या बायकोचा, शैलावहिनींचा फोन आला... जेवून आडवा झाला होता, तो उठलाच नाही. या गोष्टीला आता दोन महिने झाले.

मधू रेल्वेत बुकिंग क्लार्क होता. वाढला इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. तिथं शेजारी एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर राहायचे. त्यांच्याकडून आणि त्यांच्या मिसेसकडून मधूनं लहानपणीच स्विंग उचललं. स्विंग म्हणजे जुन्या बँडच्या वेगवान गाण्यांवर जोडीनं करायचा गिरक्यांचा नाच. नव्वदच्या दशकात मधूनं देवळाली कॅम्पात एक हॉल भाड्यानं घेतला आणि रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. पाच-सहा जोडपी, सगळी चाळिशीच्या पुढची. माझी बायको नलिनी पहिल्या दिवसापासून जायला लागली. मीही सोबत जायचो, पण खुर्चीवर बसून सगळ्यांच्या पर्सा सांभाळायचो. अशी दोन वर्षं! नलिनी कधी वहिनींबरोबर नाचायची, कधी मधूबरोबर, आणि परतताना बसच्या खिडकीतून बाहेर बघत बसायची. एकदा मात्र म्हणाली, "अहो, मला एकदा तुमच्याबरोबर नाचायचंय. एकदाच." मला माझ्या पोटाची लाज वाटायची, आणि ते तिला सांगायचीही लाज वाटायची. मी नेहमीसारखं "बघू" म्हणालो.

मधूला मात्र न सांगता कळलं होतं. एका रविवारी वर्ग सुटल्यावर त्यानं माझा दंड धरला आणि कॅम्पातल्या बाजारात त्याच्या शिंप्याकडे नेलं. शिंपीमास्तर म्हातारे, जन्मभर फौजी साहेबांचे कपडे शिवलेले. त्यांनी टेप माझ्याभोवती दोनदा फिरवली आणि मधूला विचारलं, "कमर किधर पकडू, साहब?" मधू म्हणाला, "बेंबीवर. पोटाखाली पँट बांधली की पोट पुढं लोंबतं. पोटावर बांधली की गुपचूप आत बसतं." मला राखाडी सफारी हवा होता. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या समारंभांना मी राखाडी सफारीच घातला होता. मधूनं तो बेत मोडीत काढला आणि कॉफी रंगाचं कापड निवडलं. पुढं दोन-दोन चुण्या, मांडीशी ऐसपैस, पायाशी दुमडलेली पट्टी आणि पट्ट्याऐवजी खांद्यांवरून घ्यायचे गॅलिस. "पट्टा आवळून नाचलास तर श्वास कुठून घेशील?" शर्ट पातळ सुती, साईच्या रंगाचा, रुंद कॉलरचा आणि एक माप मोठा. बुटांचे रबरी तळवे काढून चामड्याचे लावून घेतले, कारण रबर फरशीला चिकटतं आणि गिरकी घेताना गुडघा पिळवटतो. गुडघ्याचं सांगताना तो स्वतःचा उजवा गुडघा चोळत होता, ते मी पाहिलं होतं.

पुढचे तीन महिने मी नलिनीच्या नकळत मधूच्या गच्चीवर पावलं शिकलो. डिसेंबरात वर्गाचा वार्षिक कार्यक्रम होता. कपडे बघून नलिनीला काय ते कळलं, आणि आनंदाच्या भरात तिनं तेच केलं जे आमच्या घरात प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी होतं. शर्टाला मस्त खळ घातली, आणि वर कडक इस्त्री! संध्याकाळी हॉलवर, कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी, तालीम म्हणून मी तिला हाताखालून फिरवायला गेलो, तर शर्ट पापडासारखा कडकडला. हात खांद्याच्या वर जाईना. नलिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मुकाट्यानं खुर्चीकडे निघालो. खरं सांगायचं तर मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं.

मधूनं मला आतल्या खोलीत ओढलं आणि स्वतःचा शर्ट उतरवला. शंभरदा धुऊन मऊ पडलेला, एक माप मोठा, मला नेमका बसणारा. मी म्हणालो, "अरे, आणि तू?" तो म्हणाला, "मी कॅसेट लावतो. तू जा, गाणं सुरू होतंय." मग बनियनवर बिनबाह्यांचा स्वेटर चढवून तो सबंध कार्यक्रमभर टेपरेकॉर्डरशी बसला. मी आणि नलिनी तीन गाणी नाचलो. मी निदान दहा ठिकाणी चुकलो असेन, आणि नलिनी इतकी हसली की तिला मध्येच थांबावं लागलं. मी आयुष्यात फार कमी वेळा इतका सुखी झालो असेन. पुढच्याच आठवड्यात मधूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर तो बसूनच शिकवायचा. या दोन गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नाहीत.

तो गेल्यावर तीनेक आठवड्यांनी मी वहिनींना भेटायला गेलो, आणि त्या संध्याकाळची आठवण मोठ्या उत्साहानं सांगायला लागलो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशी आमचा शेवटचा नाच ठरला होता. ऑपरेशननंतर जमणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. मी नवा ड्रेससुद्धा शिवला होता." मला मान वर करवेना... "चिडले होते हो मी. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. तर हे म्हणतात कसे, अगं, आपण वीस वर्षं नाचलो. त्यांचं पहिलंच होतं."

वर्ग आम्ही बंद केलेला नाही. गेल्या रविवारी वहिनी आल्या, नुसत्या बघायला म्हणून. एक गाणं झाल्यावर नलिनीनं मला कोपरानं ढोसलं. मी वहिनींसमोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "वहिनी, येता?" त्यांनी चपला बाजूला सारल्या, पदर खोचला आणि त्या उठल्या. मी दोनदा चुकलो. दोन्ही वेळा त्यांनी माझा हात दाबून मला ठेक्यावर आणलं. गाणं संपलं तेव्हा त्यांना धाप लागली होती. पदराच्या टोकानं कपाळ पुसत त्या म्हणाल्या, "झाला एकदाचा आमचा राहिलेला नाच."