साडूभाऊंचं कॅन्सल

जगातली प्रत्येक गोष्ट गरजेपेक्षा लांब आहे आणि ती आपल्या हातून आखूड व्हावी म्हणूनच देवानं आपल्याला जन्माला घातलंय, अशी ठाम समजूत असलेले गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते नेमके माझे साडू निघाले. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. मी चाकणला गाड्यांचे स्पीडोमीटर तपासतो, साडूभाऊ तळवड्याच्या आयटी पार्कात कंपायलरवर काम करतात. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, हे मला त्यांनीच सांगितलं. त्यात त्यांचं काम असं की उतरवता उतरवता मधली फालतू आकडेमोड काढून टाकायची. कुणी आकड्यात शून्य मिळवलं असेल तर ते काढा. एकानं गुणलं असेल तर तेही काढा. एखाद्या आकड्यातून तोच आकडा वजा केला असेल तर तो किती आहे हे न बघताच शून्य लिहून मोकळे व्हा. दोनदा उलटं केलेलं सरळ समजा. गेली बावीस वर्षं ते हेच करतायत. ऑफिसात त्याचा पगार मिळतो, घरी मात्र फुकट करतात.

त्यांचा आवडता शब्द ‘कॅन्सल’. तो उच्चारताना ते हवेत दोन बोटांनी दोन तिरक्या रेघा मारतात, शाळेत अपूर्णांक सोडवताना मारायचो तशा. एकदा आयटी पार्कासमोरच्या टपरीवर आम्ही उभे होतो. मला डॉक्टरांनी साखर कमी सांगितलेली, त्यांना चहा गोडमिट्ट लागतो. मी म्हटलं, “एक कमी साखरेचा आणि एक जास्त साखरेचा.” साडूभाऊंनी लगेच रेघा मारल्या आणि म्हणाले, “कमी नि जास्त कॅन्सल. दोन साधे द्या.” दोन साधे आले. मला तो गोड लागला, त्यांना अगोड, आणि दोघंही तोंड वाकडं करून पीत राहिलो. टपरीवाल्या मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ह्यांचं रोजचंच हाय.” पुढच्या वेळेपासून मी माझा चहा वेगळा सांगायला लागलो.

गाडीवर मागं बसायचं तर त्याहून कठीण. उजवीकडे वळायचं तर सिग्नलला थांबावं लागतं, डावीकडे नाही. तेव्हा त्यांच्या मते एकदा उजवीकडे वळणं आणि तीनदा डावीकडे वळणं सारखंच. “एक महागडं काम काढून तीन स्वस्त घालायची, राव. आम्ही गुणाकार काढून त्या जागी बेरजा घालतो तसंच,” असं हेल्मेटमधून ओरडून सांगत त्यांनी पहिलं डावं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि तिसरं जिथं असायला हवं होतं तिथं रस्ता ड्रेनेजसाठी खणून ठेवलेला. सरळ जात राहिलो. चिखलीला माझ्या घरी पोचायचं ते देहूला पोचलो. आता आलोच आहोत तर दर्शन घेऊ म्हटलं, घेतलं, प्रसाद खाल्ला आणि चारला निघालेले आम्ही साडेसहाला घरी आलो. त्यांचा सिद्धान्त बरोबरच होता, चूक महापालिकेची होती, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

पण खरा गोंधळ दिवाळीत झाला. दर वर्षी आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचं ताट जातं आणि त्यांच्याकडून आमच्याकडे येतं. दोन्ही ताटांत चकली, दोन्हींत शेव, दोन्हींत करंजी. साडूभाऊंनी एका वर्षी हे पाहिलं आणि त्यांना अक्षरशः वेदना झाल्या. “अहो, चकली वजा चकली! कॅन्सल. ज्याचं त्यानं खा.” त्या वर्षी ताटं गेली नाहीत, आली नाहीत. आणि मला कळलं की इतकी वर्षं मी जिला ‘आपल्या घरची चकली’ समजून तारीफ करत होतो ती त्यांच्या घरची, माझ्या मेव्हणीच्या हातची असायची. आमच्या हिची चकली चांगलीच असते, फक्त ती दातांची परीक्षा घेते. हे मी घरात बोललेलो नाही, तुम्हीही कुठे बोलू नका. दुसऱ्या वर्षी ताटं पुन्हा सुरू झाली. मी काही कारण न सांगता हट्ट धरला, एवढंच.

आता कुणी म्हणेल, असा माणूस ऑफिसात किती नुकसान करत असेल! तर तसं नाही. तिथं त्यांच्याइतका सावध माणूस दुसरा नाही. त्यांच्याकडे नवीन आलेल्या एका मुलीनं नियम लिहून आणला होता, की आकडा एक घर डावीकडे सरकवला आणि लगेच एक घर उजवीकडे आणला, तर काहीच झालं नाही असं समजून दोन्ही पायऱ्या काढून टाकायच्या. साडूभाऊंनी तो अडवला. का अडवला हे त्यांनी मला टपरीवर समजावून सांगितलं. वर्तमानपत्राची पट्टी फाडली, पेनानं तिच्यावर आठ चौकोन काढले आणि प्रत्येकात एकेक शेंगदाणा ठेवला. “आकडा असा घरांत बसतो. घरं आठच. आता सगळ्यांना एक घर डावीकडे सरकवा.” मी सरकवलं. सगळ्यात डावीकडचा शेंगदाणा पट्टीवरून खाली पडला, तो त्यांनी उचलून खाऊन टाकला. “आता परत उजवीकडे आणा.” मी आणले. डावीकडचं टोकाचं घर रिकामं. “गेले नि आले. पण सगळे आले का?” त्यांनी विचारलं. “म्हणून जाणं आणि येणं उगाच कॅन्सल करायचं नाही. वरचं घर, म्हणजे हे डाव्या टोकाचं, आधीपासूनच रिकामं होतं हे सिद्ध करा, मगच रेघ मारा. नाहीतर तुमचाच स्पीडोमीटर भलतं दाखवेल.” मी उरलेले सात शेंगदाणे खाल्ले आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटला.

यंदा त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, मनूचं लग्न झालं. मुलगा कासारवाडीचा, साडूभाऊंच्या तळवड्याच्या घरापासून गाडीवर अर्ध्या तासावर. आमच्याकडे लग्नानंतर पाचव्या दिवशी मांडवपरतणी असते. बापानं मुलीच्या सासरी जायचं, तिला आणि जावयाला घेऊन यायचं, दोन दिवस ठेवून घ्यायचं आणि मग पुन्हा पाठवायचं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी साडूभाऊंनी ही रीत ऐकली आणि त्यांची बोटं हवेत गेली. “जाणं, येणं, जाणं. मधलं येणं नि शेवटचं जाणं कॅन्सल. उरलं एक जाणं, ते उद्या होतंच आहे.” सगळे हसले. मीही हसलो. थट्टाच वाटली आम्हाला. पण पठ्ठ्यानं व्याह्यांना खरोखरच फोन करून सांगितलं की परतणीची दगदग नको, मुलं एकाच शहरात आहेत. व्याही भले माणूस, ते म्हणाले, “तुमची सोय असेल तसं करू, पाव्हणं.”

पाचव्या दिवशी दुपारी मी फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो तर बायको फोन हातात घेऊन बसलेली. मनूनं मावशीला फोन केला होता. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. साडूभाऊंना वाटलं व्याही सांगतील, व्याह्यांना वाटलं बाप सांगेल, आणि मेव्हणीला वाटत होतं, ऐनवेळी तरी नवरा आणायला जाईलच. पोरगी सकाळी नऊपासून बॅग भरून, साडी नेसून बसली होती. बारा वाजता सासूबाईंनी तिला ताट वाढलं, तेव्हा सगळं कळलं. “बाबांना मी परत यायला नकोय का गं मावशी?” एवढं विचारून तिनं फोन ठेवला. बायको म्हणाली, “अहो, परतणी रद्द केल्यापासून ताई चार दिवस दाजींशी बोलत नाहीये आणि त्यांना वाटतंय घरात छान शांतता आहे. तुम्ही जा. तुमचंच ऐकतील.” माझं ते कधीच ऐकत नाहीत, पण पोरीचं वाक्य ऐकून मला इतका राग आला होता की चहा न घेताच निघालो.

साडूभाऊ टपरीवर होते. मी काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, त्यांना बघितल्यावर त्यातलं काही आठवेना. मी फक्त म्हटलं, “साडूभाऊ, मनू सकाळपासून बॅग भरून बसलीय.” त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटायच्या आत बोटं सवयीनं उचलली गेली. मी ती धरली. “रेघ मारण्याआधी वरचं घर रिकामं आहे का बघितलं होतं?”

त्यांनी बोटं सोडवून खाली घेतली, ग्लास ठेवला, हेल्मेट घातलं. “चला,” म्हणाले. चौकात उजवीकडे वळायचं होतं. लाल सिग्नल होता, एकशे वीस सेकंदांचा. साडूभाऊ थांबले. शेवटपर्यंत थांबले आणि मग उजवीकडे वळले. कासारवाडीला दार उघडलं तर मनू समोरच. साडी तीच, बॅगही भिंतीशी तशीच. “चुकलो गं,” एवढंच ते म्हणाले. ती रडली, मग हसली, मग म्हणाली, “बाबा, हेल्मेट तरी काढा.”

जावयाच्या गाडीवरून ती दोघं पुढं आली, आम्ही मागून. जिना चढून वर पोचतो तर मनू घराच्या दारात उभी, आणि तिनं बेल वाजवली. पर्सला तिची किल्ली लटकत होती, मोराच्या छल्ल्यातली. शाळेत असल्यापासून त्या दाराला तिनं कधी बेल वाजवली नव्हती. आत गेल्यावर स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, “आई, पाणी घेऊ का?” बूट काढताना साडूभाऊ तसेच वाकून राहिले. मला त्यांचा चेहरा दिसला नाही, आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही.

दोन दिवस घर दणाणलं. ताई बोलायला लागली, चकल्या झाल्या, माझ्याही वाट्याला आल्या. मग मनू गेली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी साडूभाऊ कासारवाडीला जातात. पोचवायचं काही नसतं, आणायचंही काही नसतं. पंधरा मिनिटं बसतात, पाणी पितात आणि निघतात. परवा परतताना ते माझ्याकडे डोकावले. मी मुद्दामच विचारलं, काय काम होतं?

“काम कसलं, राव,” ते म्हणाले. “गेलो नि आलो.”