देवकाबाई, दोन कुत्री आणि केरामेरीचा घाट

आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या वांकिडीच्या देवकाबाईला कोणी तापट म्हटलं की मला राग येतो. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर काय केलं असतं ते आधी सांगावं आणि मग तिला नावं ठेवावीत.

देवकाबाई आणि तिचा नवरा भगवंतराव आठवडी बाजारात जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी विकायचे. पातेली, तवे, चाळण्या, पळ्या असा माल. आधी बैलगाडीनं फिरायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भगवंतरावानं चंद्रपूरकडून एक जुनी बंद मेटाडोर आणली. पूर्वी त्या गाडीतून पावाच्या लाद्या जायच्या. त्यानं आत फळ्या ठोकून दोघांपुरती झोपायची जागा केली, स्टोव्हला कोनाडा केला, आणि एका बाजूचा पत्रा कापून वर उचलायची झडप बसवली. झडप उचलली की दुकान, पाडली की घर. वांकिडीहून निघायचं, आसिफाबाद, जैनूर, उटनूर, इंद्रवेल्ली, गुडीहत्नूर, तलमडुगु असे बाजार करत जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. पोरंबाळं नव्हती. शिरप्या नावाचा कुत्रा आणि ढवळी नावाची कुत्री बरोबर असायची. मुक्कामाला दोघं गाडीखाली झोपायची. त्यांच्या भरवशावर उघड्या माळावरही माल सुखरूप राहायचा.

उटनूरच्या पुढं रस्ता रिकामा असला की भगवंतराव स्टेअरिंग बायकोच्या हातात द्यायचा. गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं.

एक्क्याण्णव सालच्या पावसाळ्याच्या शेवटी जैनूरच्या बाजारात त्याला हिवताप चढला. दुपारपर्यंत तो बरळायला लागला. तिथल्या दवाखान्याला कुलूप होतं. देवकाबाईनं त्याला मागच्या फळीवर निजवलं, दोरीनं बांधलं आणि गाडी स्वतः घेतली. सपाटीवर चालवणं वेगळं आणि आसिफाबादच्या वाटेवरचा केरामेरीचा घाट उतरणं वेगळं. पावसानं रस्ता उखडलेला, वळणावर समोरून लाकडांचे ट्रक. ती गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून उतरली. आसिफाबादच्या दवाखान्यात त्याला नेलं तेव्हा तो जिवंत होता. दुसऱ्या दिवशी गेला.

त्याचा धाकटा भाऊ लक्ष्मणराव. त्यानं भावाच्या चितेसमोरच लोकांना सांगायला सुरुवात केली, की बाईच्या हातात गाडी गेली म्हणून भाऊ गेला, गड्यानं चालवली असती तर वेळेत पोचला असता. हे बोलणं तेरवीपर्यंत गावभर झालं. देवकाबाई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिची सासू भागाबाईही ऐकत होती, आणि काही बोलत नव्हती.

तेरवी झाल्यावर लक्ष्मणरावानं गाडी बाहेर काढली. गाडी घरची आहे, बंद ठेवून गंजेल, असं त्याचं म्हणणं. कुत्री गाडीतून उतरेनात, म्हणून तशीच घेऊन गेला. फेरी करून आला तेव्हा कुत्री बरोबर नव्हती. देवकाबाईनं विचारलं. तो हात धूत होता. म्हणाला, गुडीहत्नूरच्या पुढं हायवेवर सोडली, फुकट खायला कशाला पाहिजेत.

"माह्ये कुत्रे तुमी काऊन सोडले, भाऊजी?" तिनं विचारलं.

"कुत्र्याचं काय घेऊन बसली वयनी. नवऱ्याची तर राखण झाली नाई तुमच्यानं."

देवकाबाई उठून आत गेली. लक्ष्मणराव पुढच्या फेरीला, या खेपेला थेट तलमडुगुच्या बाजाराला, निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुत्री शोधायला जायचं म्हणून तिनं पिशवीत भाकरी बांधल्या. विधवा बाई इतक्यात उंबरठा ओलांडते म्हणून शेजारणी कुजबुजल्या. भागाबाई म्हणाली, मीही येते. का येते, ते सांगितलं नाही आणि देवकाबाईनंही विचारलं नाही. आंध्राच्या लाल बसमध्ये दोघी शेजारी बसल्या आणि गुडीहत्नूरला उतरल्या.

गुडीहत्नूरच्या पुढं हायवेला एक चहाचं हॉटेल होतं. हॉटेलवाल्यानं हिंदीत सांगितलं, की एक पांढरी कुत्री त्या पुलाजवळ बसून आहे, जिथं उतरवली तिथून हलत नाही, जवळ गेलं की अंगावर येते. आणि कुत्रा गाडीमागं धावत सुटला होता. लॉरीखाली आला. हॉटेलवाल्यानंच त्याला ओढून नाल्यात टाकलं होतं.

ढवळीनं देवकाबाईला पाहिलं आणि ती पोटावर सरपटत आली. तिची हाडं दिसत होती. देवकाबाईनं तिला भाकरी घातली, सासूजवळ बसवलं आणि हॉटेलवाल्याकडून फावडं मागून आणलं. शिरप्याला ओळखू येण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तिनं खड्डा खणला, त्याला पुरलं, वर दगड रचले. हॉटेलवाला मदतीला आला तर त्याला हातानंच परत पाठवलं. त्या पूर्ण वेळात ती रडली नाही. भागाबाईनं नंतर सांगितलं, की ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, तिचं तोंड बघवत नव्हतं.

आता तलमडुगुला लक्ष्मणरावाकडं जायचं होतं, पण कुत्री बरोबर म्हणून बसवाले घेईनात. दोन बस तशाच गेल्या. शेवटी आदिलाबादला कापूस घेऊन चाललेल्या एका शेतकऱ्याची बैलबंडी आली. बाबाराव त्याचं नाव, तलमडुगुकडचाच. कापूस उतरवून तो तसाच गावी जाणार होता. म्हातारीला त्यानं कापसावर बसवलं. देवकाबाई बंडीमागं ढवळीला घेऊन चालत राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. रात्र आदिलाबादला कापसाच्या गाड्यांच्या रांगेत काढून दुसऱ्या दिवशी ते तलमडुगुच्या बाजारात पोचले.

मेटाडोर चिंचेखाली उभी होती. झडप वर, आणि लक्ष्मणराव गिऱ्हाइकांना पातेली वाजवून दाखवत होता. ढवळी त्याला बघून गुरगुरली. त्यानं वर पाहिलं, आई दिसली, तसा गोड झाला. म्हणाला, माय, तू इतक्या दूर कशाला आलीस, बस, चहा सांगतो.

भागाबाई चहाला थांबली नाही. मागचं दार उघडून ती गाडीत चढली आणि थोरल्या पोराच्या फळीवर मांडी घालून बसली. किल्ली आत खिळ्याला लटकत होती. ती काढून तिनं सुनेकडं दिली.

लक्ष्मणराव आडवा आला. बाजार जमा झाला. वयनी, भलतं काही करू नका, एकदा जीव घेऊन झाला आहे, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

देवकाबाईचा आवाज चढला नाही. "जैनूरहून त्याले मी आणलं. तुमी कुठं होते भाऊजी? घरी निजले होते. जिवंत माणूस मी दवाखान्यात नेऊन ठेवला. आता पुन्हा हे बोलाल तर या सगळ्या बाजारासमोर तुमच्या तोंडात शेण घालीन. बाजूले व्हा."

तो बाजूला झाला. देवाशप्पथ सांगतो, तो आडवा राहिला असता तर ती थांबली असती असं तिथल्या कोणालाच वाटलं नाही. तिनं झडप पाडली, ढवळीला पुढच्या सीटवर घेतलं आणि गाडी चालू केली. लक्ष्मणराव तिथंच उभा राहिला. बसनं घरी जाण्याइतकी त्याची ऐपत होती.

परतीच्या वाटेवर ती गाडी घाईनं नेईल असं सासूला वाटलं होतं. पण तिनं इंद्रवेल्लीचा बाजार केला, उटनूरचा केला. लायसन नव्हतं. उटनूरच्या नाक्यावर जमादारानं अडवून तेलुगूत विचारलं, की अम्मा, ड्रायव्हर कुठं आहे. तिनं तेलुगूतच उत्तर दिलं, की ड्रायव्हर मेला, आता मी आहे. त्यानं आत बसलेली म्हातारी पाहिली, कुत्री पाहिली आणि नाक्याची आडवी काठी वर केली. मुक्कामाला दोघी सासवासुना मागच्या फळीवर एकमेकींकडं पाठ करून झोपायच्या.

जैनूर सोडून घाट लागला. देवकाबाईनं गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. एका वळणावर समोरून ट्रक आला, तेव्हा गाडी दरीच्या काठाला इतकी टेकली की भागाबाईनं फळी घट्ट धरली. ट्रक गेल्यावर म्हातारी पुढं सरकली आणि म्हणाली,

"इथूनच आणलं त्याले?"

"इथूनच."

"पाऊस होता?"

"होता."

मग देवकाबाईनंच विचारलं, डोळे रस्त्यावर ठेवून. "तुमालेबी तसंच वाटत होतं न, आत्याबाई? मी मारलं म्हणून."

"वाटत होतं," भागाबाई म्हणाली. "म्हणून तर आली. तू गाडी कशी चालवतं ते पाहाले."

देवकाबाईनं गाडी तशीच घाट उतरवली. केरामेरीला गाडी थांबवून ती खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला पाठ करून उभी राहिली. नवऱ्याच्या घरात इतकी वर्षं काढून, त्याच्या आईनं आपली परीक्षा घेतली, याचा राग तिला दिराच्या रागाहून जास्त आला, असं तिनं पुढं मला सांगितलं. भागाबाई मागून आली. माफी वगैरे तिला येत नव्हती. ती एवढंच म्हणाली, की लक्ष्या खोटं बोलला, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगीन.

तिनं सांगितलंही. वांकिडीला गाडी दारात लागली तेव्हा पाण्यावर बायका होत्या, पारावर माणसं होती. भागाबाईनं गाडीतूनच सगळ्यांना ऐकवलं, की तो रस्ता मी डोळ्यानं पाहून आले, माझा पोरगा तापानं मेला, आणि सुनेला कोणी बोल लावला तर गाठ माझ्याशी आहे. लक्ष्मणराव घरी आला तेव्हा त्याचं अंथरूण पडवीत टाकलेलं होतं.

पुढं देवकाबाईनं आदिलाबादला जाऊन लायसन काढलं आणि फेरी चालू ठेवली. भागाबाई तिच्याबरोबर झडपेशी बसायची आणि भाव पाडणाऱ्यांशी भांडायची. दोघींचं सूत जुळलं असं मी म्हणणार नाही. त्या एकमेकींना टोचून बोलायच्या, आणि तरी एकीशिवाय दुसरी निघायची नाही.

पंचाण्णव साली म्हातारी घरीच वारली. लक्ष्मणराव आला. देवकाबाईनं त्याला आईला खांदा देऊ दिला, तो त्याचा हक्क होता म्हणून. स्मशानातून आल्यावर सगळ्यांना तिनं पाणी दिलं, फक्त त्याला नाही. लोक म्हणाले, आता तरी राग सोड. ती म्हणाली, नाई सोडत, आणि रिकामा तांब्या पालथा घातला.