मुका, अर्थ तिसरा

“फुंक मारायची नसली तरी गाल फुगवावेच लागतात,” असं तो एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलून गेला होता. सगळे हसले. तो डबा धुवायला उठला.

शब्दकोशाच्या कार्यालयात तो नऊ वर्षं कार्डं लावत होता. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, भिंतभर लाकडी खणांचं कपाट, खणाखणात शब्द. खिडकी एकच, तीही समोरच्या इमारतीच्या पाठीकडे उघडणारी, त्यामुळे भर दिवसा दिवे. आधी तो बँडमध्ये ट्रम्पेटवर होता, एवढंच सगळ्यांना ठाऊक. म्हणून त्याला ‘बँडवाले’ म्हणत.

पितळी वाद्यांच्या शब्दांचा गठ्ठा आला तेव्हा संपादकबाईंनी तो त्याच्याच टेबलावर ठेवला. “घरचंच कार्य आहे तुमच्या,” म्हणाल्या. त्यानं महिनाभर मान वर केली नाही. भोंगा कारखान्याचा, गच्चीवरचा, आणि रडणाऱ्या पोराचाही. कर्णा फुंकायचा, तसाच जुन्या ग्रामोफोनचा. बिगुल वर्तमानपत्रात रोज वाजतं, वाजवणारा मात्र कधी दिसत नाही. ‘बँड वाजणे’समोर त्यानं ‘दुर्दशा होणे’ लिहिलं, तेव्हा शेजारचा टंकलेखक वाकून म्हणाला, “उदाहरण म्हणून माझ्या लग्नाची तारीख टाका.”

गठ्ठ्याच्या तळाशी त्यानं स्वतःचं एक कार्ड सरकवलं. ‘मुका (३). बँडमधील माणसांची संख्या भरावी म्हणून रांगेत उभा केलेला, वाद्य तोंडाला लावून ते न वाजवणारा इसम.’

हा अर्थ कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो फक्त बँडवाल्यांच्या तोंडी होता. एकवीस माणसांचा बँड ठरला की एकवीस डोकी दिसावी लागत. एकोणतिसाव्या वर्षी सायकलवरून पडून त्याचे पुढचे चार दात गेले. कवळी बसली, पण ट्रम्पेट त्या दातांवर टेकेना. ओठातून नुसती हवा निसटायची. बँडमास्तर त्याचा सख्खा मामा. “उभा राहा,” मामा म्हणाला, “बोटं तेवढी बरोबर चालव.” अकरा वर्षं त्यानं बोटं बरोबर चालवली. एकही सूर चुकला नाही, कारण एकही निघाला नाही.

त्याच रांगेत बायकोनं त्याला पहिल्यांदा पाहिलं. ट्रम्पेट ऐकून आपण ह्यांच्यावर भाळलो, असं ती पाहुण्यारावळ्यांना अजून सांगते. तो त्या वेळी पाणी प्यायला उठतो.

संपादकबाईंनी कार्ड वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. “अर्थ चांगला आहे. पुरावा?”

“छापील नाही.”

“मग सांगणाऱ्याचं नाव लागेल. आणि त्याचा या कामाशी संबंध काय तो. खंडाच्या शेवटी यादीत छापतो आपण, माहीत आहे तुम्हाला.”

त्याला माहीत होतं. प्रत्येक खंड बायको घरी पुसून शोकेसमध्ये लावायची आणि मागची यादी आधी वाचायची, नवऱ्याचं नाव कुठे आलंय का म्हणून. कार्ड परत घ्यावं असं त्याच्या मनात आलं. पण परत घेतलं तर ती अकरा वर्षं कुठेच राहत नव्हती. हात कार्डाकडे गेला आणि टेबलाच्या कडेवरच थांबला.

तेवढ्यात बायकोच दारात आली. त्याचा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला.

“या वहिनी,” टंकलेखक म्हणाला, “साहेबांनी आज ऑफिसात बसून मुका लिहिलाय. तोही तिसरा!”

“इश्श! वय काय यांचं!” ती हसत आत आली. बाईंनी हसू दाबत कार्ड तिच्यापुढे धरलं. तिनं सावकाश वाचलं.

“अगंबाई, असले लोक असतात? न वाजवता नुसते उभे?” ती नवऱ्याकडे वळली. “अहो, ते ट्रम्बोनवाले भाऊजी ना? मला तेव्हाच शंका यायची. घाम म्हणून कधी यायचा नाही त्यांना.”

ट्रम्बोनवाल्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. अख्ख्या बँडमध्ये तसा दम दुसऱ्याचा नव्हता. मिरवणूक चढावर आली, बाकीचे धापा टाकू लागले, की तो एकटा सूर धरून ठेवायचा, आणि त्याच्या आडोशानं मुका निर्धास्त बोटं हलवायचा.

“मयत असले तरी चालेल,” बाईंनी पेन उघडलं. “नाव सांगा. बोलीतला एक पुरावा पुरतो.”

तो गठ्ठ्यातली बाकीची कार्डं सारखी करत राहिला.

“सांगा ना,” बायको म्हणाली. “लाजायचं काय त्यात? तुम्ही थोडेच होतात?”

खोलीतला पंखा फिरत होता. कार्डाचा कोपरा उचलला जात होता, पुन्हा पडत होता. बायकोच्या हातातून त्यानं चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला. मग बाईंच्या हातातलं पेन घेऊन कार्ड स्वतःकडे ओढलं. नावाच्या जागी त्यानं आपलं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. संबंधाच्या जागी लिहिलं, ‘स्वतः. अकरा वर्षं.’ अक्षर नेहमीसारखंच गोल आलं.

बायको टेबलाच्या पलीकडून उलटं वाचत होती. तिचे ओठ प्रत्येक अक्षराबरोबर हलले आणि शेवटच्या अक्षरावर थांबले. टंकलेखकानं मान खाली घालून यंत्रात कोरा कागद सरकवला.

पेनाला टोपण लावून त्यानं ते कार्डावर आडवं ठेवलं, खुंटीवरची पिशवी काढली आणि जिना उतरून गेला.