शफीभाई आणि वरातीची गाडी

शफीभाईंच्या दुकानाला दार नाही. उस्मानपुऱ्यात लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचं छप्पर, पाण्याचा एक हौद, आणि हौदाच्या काठावर उकिडवे बसलेले शफीभाई, एवढंच ते दुकान. शहरातला गळका रेडिएटर शेवटी या हौदात येऊन बुडतो. शफीभाई त्यात हवा भरतात आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत बसतात. त्या वेळी त्यांना हाक मारून उपयोग नसतो. मी एकदा वैतागून परत निघालो, तर मागून आवाज आला, "बन्सीभाऊ, रुसू नका. बुडबुडा एकदाच बोलतो, तुम्ही रोजच बोलता."

रुसण्यावरून मला कुणी बोललेलं खपत नाही. पण शफीभाईंना ते माहीत होतं आणि म्हणूनच ते बोलत होते.

माझ्याकडे बासष्ट सालची फियाट आहे. दिसायला आजही नवरीसारखी, पण आमच्या मुकुंदवाडीच्या बोअरचं पाणी पिऊन पिऊन तिचा रेडिएटर आतून चुन्यानं बुजला होता. हे कळलं ते भलत्याच ठिकाणी. कन्नडला माझ्या मेहुण्याच्या, कारभारीच्या, थोरल्या मुलाचं लग्न होतं आणि नवरदेव माझ्या गाडीत बसला होता. वरात मारुतीच्या देवळापाशी आली आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. बँड थांबला. नवरदेवाला उतरवून ट्रॅक्टरवर बसवलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण कारभारी चार माणसांत म्हणाला, "दाजी, आता हिच्यावर चहा तरी ठिवा." सगळा गाव हसला. मी जेवलो नाही, जावयाची टोपी आणि टॉवेल घेतला नाही, तसाच घरी आलो. जावई रुसला तर त्यात जावयाचा दोष नसतो, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

पण त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद झालं आणि माझी बायको आशाबाई माहेराला मुकली. तिनं मला कधी बोल लावला नाही. कन्नडची एसटी दिसली की ती तेवढी दुसरीकडे बघायची. मला त्याचा फार त्रास व्हायचा.

तीन वर्षांनी कारभारीच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. कारभारीची बायको, भागूबाई, स्वतः हळदीकुंकू घेऊन बोलवायला आली. ती गेल्यावर आशाबाई म्हणाली, "एसटीनं गेलो तर लोक म्हणतील, दाजीच्या पोटात राग हाय अजून, गाडी नाय आणली. अन् गाडी नेली नि पुन्हा तापली, तर मी त्या दारात पुन्हा पाय ठिवायची नाय. आता तुम्ही बघा."

मी बघितलं ते शफीभाईंकडे.

त्यांनी जुना रेडिएटर हातात धरून हलवला, कानाशी नेला आणि बाजूला टाकला. मग छपराच्या मागून एका जीपचा रेडिएटर ओढून आणला. म्हणाले, "हा बसवू. याच्यात पाणी लई मावतं."

"शफीभाई, फियाटच्या नाकात एवढी जागा कुठंय?"

"जागा नाय असं नसतं. आपल्याला सापडत नाय, इतकंच."

हा माणूस "होत नाही" म्हणत नाही. त्याचं जेवढं कौतुक, तेवढाच ताप. पुढचे कितीतरी दिवस मी लिंबाखाली स्टुलावर बसून, लेकराच्या झबल्यात बापाला कोंबायचा तो प्रकार बघत होतो. बॅटरी आडवी आली म्हणून ती डिकीत गेली. हॉर्न आडवा आला म्हणून तो चाकाजवळ गेला, आणि तेव्हापासून माझ्या गाडीचा आवाज पायाखालून येतो. पट्ट्या कापल्या, कानसल्या, पुन्हा जोडल्या. एवढं करून रेडिएटर बसला तर पंख्याची पाती त्याला घासायला लागली. दोन बोटं जागा कमी पडत होती.

शफीभाईंनी पान लावलं, खाल्लं, आणि पंखाच काढून टाकला. "गाडी पळाली की हवा आपोआप येतीया. पंखा पाहिजे कशाला?"

मलाही ते पटलं. आम्ही दौलताबादचा घाट चढून थेट खुलताबादपर्यंत गेलो. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. तिथं झाडाखाली पेरू खाल्ले, एकमेकांची पाठ थोपटली. येताना शफीभाई माझ्या शेजारी बसून काहीतरी गुणगुणत होते. एवढा सुखी माणूस मी त्या वर्षात दुसरा पाहिला नव्हता.

उस्मानपुऱ्याच्या वळणावर आमच्या पुढं कुणाची तरी वरात आली. बँड, पोरांचा नाच, दोन पावलं पुढं, एक मागं. ओलांडायला वाट नव्हती. काटा चढू लागला. शफीभाईंचं गुणगुणणं थांबलं. थोड्याच वेळात पुढची वरात मागं वळून आमच्या वाफेकडं बघत होती.

शफीभाई उतरले आणि फुटपाथवर बसले. मग म्हणाले, "बन्सीभाऊ, हम दोनों गधे हैं. वरातीत गाडी पळत नसती."

रेडिएटर मोठा झाला होता, पण मुंगीच्या चालीनं जाणाऱ्या गाडीला वारा द्यायला पंखाच नव्हता. आम्ही गाडी घाटासाठी तयार केली होती आणि न्यायची होती नवरदेवाला. मला रडू यायचं बाकी होतं. शफीभाईंना मात्र एकदम हसू फुटलं, आणि ते थांबेना.

हॉर्न हलवल्यामुळे पुढच्या जाळीमागं एक बोळकांडं रिकामं झालं होतं. एका भंगार मारुती गाडीचा विजेचा पंखा त्यांनी तिथं बसवला. नवी बॅटरी टाकली. मग गल्लीत सराव करणाऱ्या बँडवाल्यांना चहा पाजून गाडीच्या पुढं चालायला लावलं. भर उन्हात आमची मिरवणूक निघाली. पुढं बँड, मागं मी स्टिअरिंगवर, आणि बॉनेटला हात लावून चालणारे शफीभाई. ओट्यावरच्या बायका विचारत होत्या, कुणाची वरात हो? शफीभाई मान न वळवता सांगत होते, "रेडिएटरची."

काटा निम्म्यावर येऊन थांबला तो थांबलाच. तरी माझ्या मनातली धाकधूक गेली नाही, म्हणून लग्नाला मी शफीभाईंनाही घेऊन गेलो.

कन्नडला नवरदेव माझ्याच गाडीत बसला. कारभारीनं शेजारी ट्रॅक्टर धुऊन उभा ठेवला होता, ते मी बघितलं आणि गिळलं. वरातीत आशाबाई गाडीमागं बायकांत चालत होती. तिचं लक्ष नाचाकडं नव्हतं, बॉनेटकडं होतं. शफीभाई गाडीला हात लावून चालत होते, दुखणाइताच्या कपाळावर ठेवावा तसा. मारुतीच्या देवळापाशी पोरांना जोर चढला. बँडवाल्यांनी तिथंच ठाण मांडलं. माझा शर्ट घामानं भिजला. कारभारी पुढं आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं, आणि मागच्या वेळी बोलला होता तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "दाजी, तुम्हाला घाम आलाय, हिला नाय आला."

सगळे हसले. मीही हसलो. आशाबाईनं पदरानं तोंड पुसलं, पण डोळे जास्त वेळ पुसले.

जेवणं झाल्यावर आहेराला सुरुवात झाली. आमच्याकडं पहिला मान जावयाचा. मी सतरंजीवर सावरून बसलो. भागूबाईनं नणंदेची ओटी भरली आणि टोपी-टॉवेलचं ताट घेऊन माझ्याकडं वळली, तेवढ्यात आशाबाईनं तिचा हात धरला. गाडीपाशी उभ्या असलेल्या शफीभाईंकडं बोट करून म्हणाली, "वहिनी, आधी त्यांना दे. मला माहेरी त्यांनी आणलंय."

शफीभाईंनी आधी नको नको केलं, मग मान खाली घातली. कारभारीनं स्वतः त्यांच्या गळ्यात टॉवेल घातला. मी माझ्या पाळीची वाट बघत बसलो, आणि रुसलो नाही.